प्रतिकृती जहाजाच्या डेकवरील लाकडी जाळी: खाच आधी, पट्टी नंतर

मराठवाड्यातील जुन्या धाब्याच्या घरात ज्यांचे बालपण गेले, त्यांना माळवदातील साणे आठवत असेल. चुलीचा धूर त्यातून वर जात असे आणि दुपारच्या उन्हाचा चौकोन त्यातून खाली सारवलेल्या जमिनीवर उतरत असे. शिडाच्या मोठ्या लाकडी जहाजांवर डेकमध्ये, म्हणजे जहाजाच्या लाकडी मजल्यात, ठेवलेल्या उघड्या चौकोनांना हॅच म्हणतात, आणि त्यांवर बसवलेली लाकडी जाळी नेमके साण्याचेच काम करीत असे. खालच्या डेकवर उजेड आणि वारा पोहोचवणे, तोफा डागल्यावर कोंडलेला धूर बाहेर काढणे आणि तरीही वरून चालणाऱ्या माणसाला पाय ठेवण्यासाठी पक्की जागा देणे, ही तिन्ही कामे एकटी जाळी करी. वादळात तिच्यावर ताडपत्री ताणून कडेने पट्ट्या ठोकत असत.

मराठवाड्याच्या एकाही जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही नांदेडसारख्या ठिकाणी बसून जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्याला या कामात काहीही कमी पडत नाही, कारण लागणारे साहित्य हार्डवेअरच्या दुकानात आणि लाकडाच्या वखारीत मिळते. प्रतिकृती पाहणाऱ्याची नजर शिडांनंतर बहुधा डेकवरील जाळीवर जाते, आणि तिथली चूक लपत नाही. हा लेख ज्यांनी अशी जाळी एकदाही केलेली नाही, त्यांच्यासाठी आहे. टेबलावर बसणारी विजेची करवत घरात नाही, असे गृहीत धरून मी हाताने करण्याची पद्धत सांगणार आहे.

खरी जाळी कशी असे

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पद्धतीच्या युद्धनौकांवर जाळीचे आडवे दांडे जहाजाच्या रुंदीच्या दिशेने बसत आणि ते जाड असत. त्यांच्या वरच्या अंगाला खाचा पाडून जहाजाच्या लांबीच्या दिशेने पातळ पट्ट्या त्यांत बसवीत, त्यामुळे वरून पाहिल्यास दोन्ही एकाच पातळीत दिसत. भोके चौकोनी असत आणि त्यांची बाजू साधारण अडीच ते तीन इंच राही. दांडे आणि पट्ट्यांची रुंदीही जवळपास तेवढीच असे. भोक यापेक्षा मोठे ठेवले तर धावणाऱ्या खलाशाची टाच त्यात अडकेल, हे त्यामागचे साधे कारण आहे.

हे कारण मी सुरुवातीला ध्यानात घेतले नव्हते. माझी पहिली जाळी १:६४ प्रमाणातील, म्हणजे खऱ्या मापाच्या चौसष्टाव्या भागाएवढी, होती आणि तिची भोके ३ मिलिमीटरची होती. दिसायला ती मला नीटस वाटली होती. पुढे मोजल्यावर कळले की खऱ्या जहाजावर ते भोक १९२ मिलिमीटरचे, म्हणजे साडेसात इंचांचे झाले असते. टाचच काय, अख्खा पाय त्यातून खाली गेला असता. तयार संचांतून मिळणाऱ्या जाळ्यांतही हा दोष पुष्कळदा आढळतो, म्हणून तयार जाळी वापरायची असली तरी आधी भोक मोजून प्रमाणाने गुणावे.

अभ्यासासाठी एक जहाज आपल्याला विशेष जवळचे आहे. एचएमएस ट्रिंकोमाली ही ब्रिटिश नौदलाची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधली गेली आणि १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत जतन केलेली आहे. तिच्या गन डेकची, म्हणजे तोफांच्या मजल्याची, लांबी सुमारे १५० फूट असल्याने १:६४ प्रमाणात तो डेक सुमारे ७१ सेंटिमीटर भरतो, आणि घरातील टेबलावर मावणारी ही प्रतिकृती नवशिक्यालाही झेपू शकते. तिच्या डेकची छायाचित्रे पाहताना जाळीतील भोके मोजण्याची सवय लावून घ्यावी.

करवतीवरून प्रमाण, प्रमाणावरून करवत नव्हे

या कामात नवशिक्याची सर्वांत मोठी चूक अशी होते, की तो आधी पट्टीची जाडी ठरवतो आणि मग त्या जाडीची खाच पाडणारी करवत शोधत बसतो. तशी करवत मिळत नाही. मग तो कानशीने खाच रुंदावत जातो, प्रत्येक खाच वेगळ्या मापाची होते आणि जुळवणीच्या वेळी अर्ध्या पट्ट्या सैल तर अर्ध्या घट्ट निघतात. म्हणून क्रम उलटा ठेवावा. हाताशी असलेली करवत किती रुंद खाच पाडते ते आधी मोजावे आणि पट्टी त्या खाचेच्या मापाने घासून घ्यावी. या लेखातील पुढची प्रत्येक कृती याच एका गोष्टीवर उभी आहे.

आपली करवत म्हणजे लोखंड कापण्याच्या हॅक्सॉचे साधे ब्लेड. इंचाला ३२ दात असलेले घ्यावे, ते न मिळाल्यास २४ दातांचे चालेल. ब्लेडचा पत्रा सुमारे ०.६ मिलिमीटर जाड असतो, परंतु त्याचे दात लाटेसारखे दोन्ही बाजूंना वळवलेले असल्यामुळे खाच त्याहून रुंद पडते. माझ्या ब्लेडची खाच १ मिलिमीटर पडली. तुमची ०.९ किंवा १.१ पडेल. लाकडाच्या तुकड्यात पाच-सहा खाचा पाडून व्हर्निअरने, म्हणजे बारीक माप घेण्याच्या साधनाने, मोजावे आणि सरासरी वहीत लिहून ठेवावी.

आता हे माप प्रमाणाला लावून पाहावे. १:६४ प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावरचे ६४ मिलिमीटर, म्हणजेच अडीच इंच, आणि ते अगदी योग्य बसते. १:७२ प्रमाणात तेच माप सुमारे २.८ इंच होते, तेही योग्यच आहे. १:४८ प्रमाणात मात्र ते जेमतेम १.९ इंच भरते आणि जाळी फार बारीक दिसते, तर १:९६ प्रमाणात ते ३.८ इंच होऊन जाळी जाडजूड वाटू लागते. थोडक्यात, हॅक्सॉचे ब्लेड १:६० ते १:७५ या पट्ट्यातील प्रतिकृतींना मानवते. नवशिक्याने पहिली प्रतिकृती निवडताना हे ध्यानात घेतले, तर पुढचे पुष्कळ श्रम वाचतात.

लाकूड

किनवटच्या जंगलामुळे नांदेडच्या बाजूला सागवान ओळखीचे आहे, आणि ट्रिंकोमाली सागवानाचीच आहे, त्यामुळे मोह होणे स्वाभाविक आहे. तरीही जाळीसाठी सागवान घेऊ नये. सागवानाची छिद्रे मोठी आणि उघडी असतात. मिलिमीटरभर जाडीच्या पट्टीत असे एक छिद्र खाचेपाशी आले, की पट्टी तिथेच तुटते, आणि तुटली नाही तरी ते छिद्र प्रमाणाने बोटभर भेगेसारखे दिसते. खऱ्या जहाजाचे लाकूड आणि प्रतिकृतीचे लाकूड एकच असावे, हा आग्रह इथे सोडावा लागतो.

माझी पसंती हळदूला आहे. काही जण याला हेदूही म्हणतात. त्याचा पिवळसर रंग, बारीक आणि एकसारखा पोत आणि खाचेची कड स्वच्छ ठेवण्याचा गुण या कामाला फार उपयोगी पडतो. हळदू न मिळाल्यास शिवण चालते. ती मऊ असल्यामुळे खाचा पाडताना हात अधिक हलका ठेवावा लागतो. वखारीत नव्या फळीची मागणी करण्याची गरज नाही. खरादकाम करणाऱ्यांकडे पडलेले वितभर लांबीचे सरळ रेषांचे तुकडे अनेक जाळ्यांना पुरतात. तुकडा निवडताना डोळ्यांसमोर आडवा धरून त्याच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जातात की मध्येच कडेला बाहेर पडतात, ते पाहावे. रेषा बाहेर पडत असतील, तर रंग कितीही सुंदर असला तरी तो तुकडा बाजूला ठेवावा. सरावासाठी आइस्क्रीमच्या काड्या पुरेशा आहेत.

खाचा पाडण्याचा साचा

हाताने करवत चालवून दोन मिलिमीटरच्या अंतरावर वीस समांतर आणि समान खोलीच्या खाचा पाडणे चांगल्या सुताराच्या हातालाही कठीण जाते. यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. विळीवर भाजी चिरताना पाते स्थिर असते आणि भाजी हलते. आपणही करवत स्थिर ठेवावी, तिचे दात वर करावेत आणि लाकूड तिच्यावरून सरकवावे. दात साच्याच्या पृष्ठभागाच्या जेवढे वर आलेले असतील तेवढीच खाच खोल जाते, त्यामुळे खोलीची चिंता उरत नाही.

साच्यासाठी दोन सरळ, टणक लाकडी ठोकळे घ्यावेत, प्रत्येकी सुमारे ३२० मिलिमीटर लांब, ४० मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर उंच. या दोघांच्या मध्ये तीन गोष्टी उभ्या बसवायच्या आहेत: पहिल्या ठोकळ्याला लागून हॅक्सॉचे ब्लेड, त्याच्या शेजारी अंतर राखणारी एक पट्टी, आणि तिच्या पलीकडे पितळी पत्र्याची पट्टी. ब्लेडच्या दोन्ही टोकांना भोके असतातच, त्यांतूनच बोल्ट घालून सगळे एकत्र आवळावे. ठोकळ्यांतील भोके बोल्टपेक्षा थोडी मोठी ठेवावीत, म्हणजे ब्लेड वर-खाली सरकवण्यास जागा राहते.

पितळी पट्टीला या साच्यात सर्वांत जास्त महत्त्व आहे. सुमारे १ मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा घेऊन तो पाण्यावर चालणाऱ्या बारीक पॉलिश पेपरवर घासत जावा आणि मघाशी पाडलेल्या चाचणीच्या खाचेत तो न अडकता, पण न खुळखुळता सरकू लागला की थांबावे. पत्रा सुरुवातीलाच सैल बसला, तर थोडा जाड पत्रा आणावा. सैल पट्टीवर हा साचा चालत नाही. याच पत्र्याचे आणखी दोन लांब तुकडे कापून जपून ठेवावेत, ते पुढे लागणार आहेत.

ब्लेड आणि पितळ यांच्यामधील पट्टीची जाडी जाळीतील भोकाची रुंदी ठरवते. ब्लेडचे दात पत्र्याच्या बाहेर सुमारे ०.२ मिलिमीटर येत असल्यामुळे १ मिलिमीटरचे भोक हवे असल्यास ही पट्टी १.२ मिलिमीटर जाड हवी. अॅल्युमिनियमची पातळ पट्टी घेऊन कमी पडेल तिथे वहीचा कागद घालावा. एका कागदाने साधारण ०.१ मिलिमीटरचा फरक पडतो. या पट्टीच्या आणि पहिल्या ठोकळ्याच्या दातांकडील कडा कानशीने किंचित उतरत्या कराव्यात. तसे केले नाही, तर वळवलेले दात त्यांवर घासतात आणि भुसा पडायला जागा राहत नाही.

जुळवणी करताना साचा उलटा करावा. जाड काचेवर १ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या मांडून त्यांवर दोन्ही ठोकळे आणि मधली पट्टी पालथी ठेवावी, ब्लेड आणि पितळ मात्र थेट काचेवर टेकू द्यावे, आणि मग बोल्ट आवळावेत. साचा सुलटा केला, की ब्लेडचे दात आणि पितळेची कड पृष्ठभागाच्या बरोबर १ मिलिमीटर वर आलेली दिसते. नंतर पितळेची कड कानशीच्या दोन-चार हलक्या हातांनी किंचित खाली आणावी, म्हणजे खाचेच्या तळाला ती टेकणार नाही. साचा टेबलाला शिकंज्याने घट्ट बांधून ठेवावा आणि दातांची तोंडे आपल्याकडे येतील असा मांडावा.

पट्ट्या

आता मघाचे पितळी तुकडे काढावेत. लाकडाचा दीड-दोन मिलिमीटर जाडीचा तुकडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने सपाट फळीवर बसवून त्याच्या दोन्ही अंगांना हे पितळी तुकडे लावावेत आणि पॉलिश पेपर गुंडाळलेल्या लांब ठोकळ्याने लाकूड घासत राहावे. ठोकळा दोन्ही बाजूंच्या पितळेवर टेकला, की लाकूड आपोआप पितळेच्या जाडीचे झालेले असते. पितळ खाचेच्या मापाचे आहे, म्हणून लाकूडही खाचेच्या मापाचे होते, आणि आकडा न वाचताही मापे जुळतात. यानंतर बारीक पेपरचे तीन-चार हात अधिक द्यावेत, कारण सरस लागल्यावर लाकूड किंचित फुगते.

तयार झालेल्या लाकडाच्या या पातळ तुकड्यातून पोलादी पट्टीच्या आधाराने, रेषांच्या दिशेने, कटरने सव्वादोन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. एका दमात कापण्याचा प्रयत्न करू नये. पाच-सहा हलक्या रेघांत पट्टी सुटावी. २९ गुणिले ३९ मिलिमीटरच्या जाळीला, म्हणजे खऱ्या जहाजावरच्या सुमारे ६ फूट गुणिले ८ फुटांच्या हॅचला, एका दिशेने १५ आणि दुसऱ्या दिशेने २० अशा ३५ पट्ट्या लागतात. प्रत्येकी ५० मिलिमीटर लांबीच्या पन्नास पट्ट्या कापाव्यात. दहा-बारा मोडतात, हे धरूनच चालावे.

येथे एक नियम सांगून ठेवतो, कारण तो पाळला नाही तर शेवटी दुरुस्तीला वाव राहत नाही. जाळीच्या चारही कडांना सलग पट्टी असावी, अर्धे भोक कुठेही येऊ नये. त्यामुळे जाळीचे माप हवे तसे धरता येत नाही: पट्टी आणि भोक १ मिलिमीटरचे असतील, तर १५ पट्ट्यांची जाळी २९ मिलिमीटरचीच होणार आणि १६ पट्ट्यांची ३१ ची. म्हणून डेकमधील हॅचचा चौकोन आधी कापू नये. जाळी पूर्ण करावी, तिच्याभोवती चौकट बसवावी आणि मग त्या चौकटीच्या मापाने डेक कापावा.

खाचा पाडणे

लाकडाचा एक हातात मावणारा ठोकळा घेऊन त्याच्या खालच्या अंगाला २ मिलिमीटर उंचीची एक कड फेव्हिकॉलने चिकटवावी. तिला लागून पंचवीस पट्ट्या काटकोनात उभ्या, एकमेकींना खेटून ठेवाव्यात, शेवटी तशीच दुसरी कड लावून टेपने आवळावे आणि सगळ्या पट्ट्यांची एका बाजूची टोके ठोकळ्याच्या काठाबरोबर आहेत ना, हे गुण्या लावून पाहावे. पट्ट्यांचा वर आलेला भाग काचेवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर घासून सारखा केला, की सर्वांची उंची २ मिलिमीटर होते. दोन्ही कडांमुळे बाहेरच्या पट्ट्यांचे तुकडे उडत नाहीत.

पहिल्या खाचेसाठी पट्ट्यांची टोके पितळी पट्टीच्या ब्लेडकडील अंगाला टेकवावीत आणि ठोकळा पुढे ढकलावा. जोर देऊ नये, ठोकळ्याचे वजन आणि हाताचा हलका भार पुरेसा आहे. परत आणताना तो किंचित उचलावा. दहा-पंधरा फेऱ्यांनंतर करवतीचा खरखर आवाज मंदावतो आणि ठोकळा साच्यावरून नुसता घसरू लागतो. खाच पूर्ण खोल गेल्याची ही खूण आहे. मग ठोकळा उचलून ही पहिली खाच पितळी पट्टीवर बसवावी आणि पुन्हा ढकलावे, दुसरी खाच पडते. दुसरी पितळेवर, तिसरी करवतीवर, असे शेवटपर्यंत जावे. प्रत्येक खाच पुढच्या खाचेला वाट दाखवते.

पहिल्या चार खाचा पडल्यावर थांबून व्हर्निअरने भोकाचे अंतर मोजावे. कमी-जास्त असल्यास कागद घालून किंवा काढून दुरुस्ती करावी आणि या चार खाचांचे तुकडे टाकून द्यावेत. प्रत्येक खाचेत अवघ्या ०.०२ मिलिमीटरची चूक असली, तरी वीस खाचांत ती ०.४ मिलिमीटर होते. मात्र सगळ्या पट्ट्या एकाच मांडणीत कापल्या असतील तर ही चूक सर्वांत सारखीच असते आणि जुळवणीला ती बाधत नाही. म्हणून पंचवीस-पंचवीसचे दोन्ही गठ्ठे साचा न उघडता एकाच बैठकीत कापावेत. अर्धे आज आणि अर्धे पुढच्या रविवारी, असे करू नये.

दर खाचेनंतर जुन्या दातांच्या ब्रशने भुसा झाडणे अत्यंत आवश्यक आहे. खाचेत राहिलेला भुसा पितळेखाली दबून ठोकळा उचलतो, पुढची खाच उथळ पडते आणि ती चूक जुळवणीपर्यंत दिसत नाही.

हवामान आणि जुळवणी

आपल्याकडील हवा या कामात शत्रू होऊ शकते. एका वर्षी मी मे महिन्यात पट्ट्या कापून डब्यात ठेवल्या आणि जुळवणी श्रावणात करायला घेतली. मे महिन्यातील कोरड्या हवेत अचूक बसणाऱ्या पट्ट्या पावसाळी हवेत इतक्या फुगल्या होत्या, की खाचेत दाबताना एकामागून एक मोडत गेल्या आणि चाळीसपैकी नऊच उरल्या. तेव्हापासून मी कापणे आणि जुळवणे एकाच आठवड्यात करतो. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कूलर चालू असलेल्या खोलीतील हवा दमट असते. त्या खोलीत मापाने घासलेली पट्टी दुसऱ्या दिवशी बंद खोलीत सैल लागते. त्यामुळे कूलर बंद ठेवून पहाटे काम करावे. पंखाही बंदच असावा, कारण या पट्ट्या वाऱ्याने उडून जातात.

ठोकळ्यातून पट्ट्या सोडवून एकेक पट्टी उजेडात पाहावी. ज्यांचे दाते तुटले असतील त्या बाजूला काढाव्यात, पण फेकू नयेत, त्यांचा उपयोग कडेला होतो.

आता विणकाम सुरू होते. पैठणच्या मागावर ताणा आधी लागतो आणि बाणा नंतर जातो, तसाच क्रम इथे आहे. एका दिशेच्या १५ पट्ट्या खाचा वर करून मांडाव्या लागतात, पण त्या नुसत्या मांडल्या तर अंतर चुकते. म्हणून आधी दोन पट्ट्या खाचा वर करून काचेवर चिकटपट्टीने बसवाव्यात, टोकाजवळ एक-एक, आणि त्यांच्यावर दुसऱ्या दिशेच्या पट्ट्या खाचा खाली करून काटकोनात उतरवाव्यात. दुसऱ्या दिशेच्या पट्ट्या पूर्ण बसल्यावर सगळे उलटे करून पहिल्या दिशेच्या उरलेल्या पट्ट्या घालाव्यात. प्रत्येक पट्टी एका टोकाने दाबून बसवू नये. पोलादी पट्टीची कड तिच्या पूर्ण लांबीवर टेकवून सारखा दाब द्यावा. बसताना येणारा बारीक टक असा आवाज योग्य आहे; करकर ऐकू आल्यास पट्टी काढून तिच्या अंगावर बारीक पेपरचा एक हात फिरवावा.

या टप्प्यावर सरस लावायचा नाही. सगळी जाळी कोरडी जुळली, गुण्याने चारही कोन तपासले, की मगच फेव्हिकॉलमध्ये तेवढेच पाणी घालून ते मिश्रण बारीक ब्रशने खालच्या बाजूच्या सांध्यांवर टेकवावे. सांध्यात ते आपोआप ओढले जाते. वरच्या बाजूला सरसाचा थेंबही जाऊ देऊ नये, कारण तिथे लाकूड तेल पीत नाही आणि शेवटी पांढुरका डाग राहतो. जाळीवर पॉलिथिन टाकून वर सपाट वजन ठेवावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे.

घासणे आणि चौकट

वाळलेली जाळी काचेवर पसरलेल्या २२० नंबरच्या पेपरवर कोपऱ्यापासून कोपऱ्याकडे, तिरकी घासावी. सरळ घासल्यास एका दिशेच्या पट्ट्यांवर सगळा ओढा येतो आणि कडेचे तुकडे निघतात. जाडी २ मिलिमीटरवरून दीडपर्यंत आणावी, तीही दोन्ही बाजूंनी सारखी, आणि शेवट ३२० नंबरने करावा. यानंतर बाहेर आलेली टोके नव्या ब्लेडच्या कटरने कापून कडा सरळ कराव्यात. शेवटच्या पट्टीच्या बाहेर काहीही शिल्लक राहू नये.

खऱ्या जाळीला मध्यभागी किंचित उंची असे, पाणी दोन्ही बाजूंना वाहून जावे म्हणून. २९ मिलिमीटर रुंदीत हा बाक जेमतेम जाणवण्याइतका हवा. जहाजाच्या रुंदीच्या दिशेने दोन्ही काठांकडे ठोकळ्याचे आठ-दहा हात अधिक दिले की तो येतो. पोलादी पट्टी जाळीच्या रुंदीत, कडेवर उभी धरून उजेडाकडे पाहिल्यास काठांशी केसाएवढी फट दिसली पाहिजे. याहून अधिक बाक दिल्यास भोकांच्या कडांची खोली काठाशी कमी दिसू लागते.

जाळीभोवतालच्या उंच चौकटीला जहाजबांधणीत कोमिंग म्हणतात. डेकवर आलेले पाणी खाली उतरू नये म्हणून ती डेकच्या वर उचललेली असे. तिचे चार तुकडे कोपऱ्यांवर तिरके कापून चित्राच्या चौकटीसारखे जोडू नयेत, ही चूक प्रतिकृतींत फार दिसते. ते टोकांशी अर्ध्या जाडीपर्यंत कापून एकमेकांवर बसवावेत. कोपऱ्याची बाहेरची उभी कड डेकच्या वर गोल करावी आणि डेकच्या पातळीला मात्र काटकोनीच ठेवावी. चौकटीच्या आतल्या अंगाला जाळीच्या जाडीएवढी पायरी हवी, म्हणजे जाळी तिच्यावर टेकते आणि खऱ्यासारखी उचलून काढता येते. ही पायरी पटाशीने कोरण्याऐवजी आतून वेगळी बारीक पट्टी चिकटवून करणे नवशिक्याला सोपे जाते.

जाळी बसवताना तिची दिशा तपासावी. खालच्या बाजूने पाहता ज्या पट्ट्या जहाजाच्या रुंदीत जातात त्या खऱ्या जहाजावरील जाड दांड्यांच्या जागी आहेत, तेव्हा लांबीच्या दिशेच्या पट्ट्या वरून त्यांत बसलेल्या दिसल्या पाहिजेत.

रंगाच्या दुकानात बेलतेल या नावाने जे उकळलेले जवसाचे तेल मिळते, त्याचा एक पातळ हात पुरेसा आहे. वॉर्निश लावू नये, ते भोकांच्या कोपऱ्यांत साचून चौकोन गोल दिसू लागतात. तेल लावल्यावर दहा मिनिटांनी जाळी सुती कापडावर उलटी ठेवून भोकांतील तेल टिपून घ्यावे, गरज वाटल्यास तोंडाने फुंकर घालावी. वापरलेले तेलकट कापड चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगळलेले कापड आपोआप पेट घेऊ शकते, त्यात आपल्याकडचा उन्हाळा. ते कापड पाण्यात भिजवून, सरळ पसरून, घराबाहेर वाळवावे आणि मगच टाकावे.

डेकच्या खाली हॅचच्या आकाराचा चौकोन काळ्या रंगाने रंगवून घ्यावा. एखाद्या हॅचची जाळी अर्धी बाजूला सरकवून खालची शिडी दाखवायची असेल, तर मात्र तिथे काळा रंग न देता खालच्या डेकच्या चार-सहा फळ्या खरोखर बसवाव्या लागतात, आणि हे चौकट चिकटवण्याआधीच ठरवावे.